मावेल एवढं तूप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दीड वर्षापूर्वी ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, घेतला, व्हॅनिला स्पंज आणि चॉकलेट केक आता हात बसल्यासारखे होतात, पण नवी कृती करायला घेतली की तीनातली एक तरी फसते. बटर, अंडी, बदाम वाया गेले की जीव हळहळतो आणि पुन्हा जुन्या दोन केकांकडे वळावंसं वाटतं. नव्या कृती शोधायच्या कुठे, आणि त्या पहिल्या खेपेला निदान खाण्याजोग्या व्हाव्यात यासाठी काय बघायचं?

मी पुण्यात बावीस वर्षं घरगुती बेकिंगचे वर्ग घेते. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारी माणसं मला सगळ्यात जवळची वाटतात, कारण त्यांना दोन केक येत असूनही तिसरा हवा असतो. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी वाचण्याबद्दल. बहुतेक कृती दिसतात तितक्या नव्या नसतात. पाउंड केक घ्या. अंडी, मैदा, साखर आणि बटर ही चारही सारख्या वजनाची, एवढीच त्याची मूळ कृती. बटर थोडं कमी करून दूध घातलं की तो आपला रोजचा चहाचा केक होतो. मैद्याच्या जागी रवा आणि बटरच्या जागी तूप-दही आलं की रवा केक. लोण्याऐवजी तेल आणि दुधाऐवजी किसलेलं गाजर आलं की गाजराचा केक. म्हणून नवी कृती हातात आली की ओव्हन लावण्याआधी ती वजनात लिहून काढा आणि मैदा १०० धरून बाकीच्या जिनसा त्याच्या किती पट आहेत ते बघा. साखर मैद्यापेक्षा दीडपटीच्या पुढे गेली असेल, तर त्यामागे काही कारण असायला हवं, जसं ब्राउनीत असतं. बेकिंग पावडर साधारण वाटीभर, म्हणजे १२५ ग्रॅम मैद्याला एक ते सव्वा चहाचा चमचा पुरते. तीन चमचे लिहिले असतील तर तो केक ओव्हनमध्ये टम्म फुगेल आणि बाहेर काढताच मध्ये बसेल. खाण्याचा सोडा असेल तर त्याच्या जोडीला आंबट काय आहे ते शोधा. दही, ताक, लिंबू, गूळ, साधा कोको, काहीतरी हवंच. नसेल तर सोड्याची साबणासारखी चव राहणार. हे दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या वर्गातल्या मुली ते करायला लागल्यावर त्यांच्या फसणाऱ्या कृती निम्म्यावर आल्या, कारण फसणारी कृती बरेचदा कागदावरच फसलेली असते.

परदेशी कृतींचं थोडं वेगळं आहे. त्या चुकीच्या नसतात, पण त्यांचं साहित्य आपलं नसतं. आपली दाणेदार साखर जाड असते, ती बटरबरोबर कितीही फेटली तरी विरघळत नाही. मिक्सरमधून एकदा फिरवून घेतली की फरक लगेच दिसतो. आपलं पिवळं बटर खारं असतं, तेव्हा कृतीतलं मीठ गाळा. अमेरिकन कृतीत एक अंडं म्हणजे कवचाविना ५० ग्रॅम धरलेलं असतं, आपल्याकडची बरीच अंडी ४०-४५ ग्रॅम भरतात. चार अंड्यांच्या केकात म्हणजे जवळजवळ अर्धं अंडं कमी पडलं. ब्रिटिश कृतीत ‘सेल्फ-रेझिंग’ पीठ असेल तर त्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. साधा मैदा वापरत असाल तर दर १५० ग्रॅमला दोन चहाचे चमचे पावडर तुम्हाला घालावी लागेल. आणि कप! मैद्याच्या डब्यात कप बुडवून भरला तर १४० ग्रॅमच्या पुढे मैदा बसतो, चमच्याने हलका भरला तर १२०. दोन कपांच्या कृतीत एवढा फरक केक कोरडा करायला पुरेसा आहे. म्हणून तराजू घ्या. केकचे नक्षीदार साचे नंतर घ्या, तराजू आधी.

तराजूबरोबर ओव्हनमध्ये ठेवायचा तापमापकही घ्या. माझ्या पहिल्या ओटीजीचं बटण १८०वर ठेवलं की आत २०५ अंश असायचं. हे मला कळायला पाच वर्षं लागली, आणि त्या पाच वर्षांत माझे सगळे केक वर डोंगरासारखे फुगून तडकायचे. वरची साल आधी घट्ट व्हायची, आतलं पीठ नंतर फुगून ती फोडायचं. मी मैदा बदलला, अंडी बदलली, साचे बदलले. शेवटी तापमापक ठेवला आणि एका दुपारीत कोडं सुटलं. तुमचा स्पंज नीट येतो म्हणजे त्या एका तापमानाशी तुमची ओळख झालेली आहे. नवी कृती १५० किंवा २२० मागते तेव्हा ओव्हन खरोखर किती देतो हे बघितलेलं असायला हवं.

आता शोधायचं कुठे. माझं यावरचं मत ठाम आहे: आधी आपल्या घरांत शोधा.

माझं माहेर मिरजेचं. आमच्या लहानपणी घरोघरी ओव्हन नव्हते. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात आई मैदा, रवा, तूप, पिठीसाखर, वेलदोडे असं सगळं डब्यात भरायची आणि आम्ही भावंडं ते घेऊन भट्टीवर जायचो. भट्टीवाले आपलं साहित्य घेऊन मोठ्या परातीत मळायचे, पत्र्यांवर नानकटाईचे गोळे मांडायचे आणि लांब दांड्याच्या फळीने आत सरकवायचे. आम्ही बाकड्यावर बसून राहायचो. परत येताना तोच डबा गरम असायचा आणि झाकण उघडायचं नाही अशी ताकीद असायची, कारण गरम नानकटाई हात लावताच मोडते. पश्चिम महाराष्ट्रात चाळिशी-पन्नाशी पार केलेल्या पुष्कळांना हे आठवत असेल.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी मला त्यांच्या सासूबाईंची वही दाखवली. त्यात नानकटाईची कृती होती: ‘दोन वाट्या मैदा, पाऊण वाटी बेसन, मूठभर रवा, दीड वाटी पिठीसाखर, चमचाभर दही, चिमूट सोडा, वेलदोडा, तूप मावेल एवढं.’ भाजण्याबद्दल एक अक्षर नाही, कारण ते काम भट्टीवाल्याचं.

‘मावेल एवढं’ म्हणजे किती, या एका प्रश्नावर मी सहा रविवार घालवले, आणि बेकिंगमधला एवढा आनंद मला दुसऱ्या कशाने दिला असेल असं वाटत नाही. पहिल्या रविवारी मी तूप पातळ करून घातलं. पिठात खूप मावलं, पण पत्र्यावर सगळ्या नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या. काकूंना दाखवल्या तर त्या म्हणाल्या, “अगं, तूप थिजलेलं घ्यायचं. परातीत तळहातानं फेसायचं, पांढरं होईपर्यंत.” म्हणजे तूप आधी फेसायचं, त्यात साखर, मग पीठ. पातळ तूप पिठात मुरून जातं. फेसलेलं तूप हवा धरून ठेवतं, आणि तीच हवा नानकटाईला खुसखुशीत करते. दुसऱ्या रविवारी तूप फेसलं, पण बेताचं घातलं. गोळे वळताना फुटत होते आणि खाताना घशाला कोरड पडत होती. काकूंची खूण अशी होती: गोळा सहज वळला पाहिजे आणि अंगठ्यानं मध्ये दाबला की कडेला केसासारखी बारीक चीर दिसली पाहिजे. चीर मोठी तर तूप कमी, चीर नाहीच तर तूप जास्त.

त्यांची वाटीही मी मागून घेतली आणि तिच्यात मैदा भरून तोलला. ७५ ग्रॅम भरला, माझ्या वाटीपेक्षा कितीतरी कमी. त्या हिशोबाने मैदा १५० ग्रॅम, बेसन ५०, रवा २५, पिठीसाखर १२५ आणि तूप सुमारे १४० ग्रॅम असं प्रमाण बसलं. सुमारे म्हणते, कारण बेसन ताजं दळलेलं असेल किंवा तूप जास्त रवाळ असेल तर पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतात. तिथे चिरेवर विश्वास ठेवायचा.

तरीही भट्टीची चव येईना. १७० अंशांवर वीस मिनिटांत रंग यायचा, पण आतून ती विरघळणारी, थोडी भाजक्या बेसनाच्या वासाची नानकटाई होत नव्हती. पाचव्या रविवारी मला बाकड्यावरची एक गोष्ट आठवली. भट्टीवाले आमचे पत्रे सकाळी कधीच आत घालत नसत. पाव निघून गेले की मग बिस्किटांची पाळी. पावांना लागते तेवढी धग तेव्हा उरलेली नसायची, विटांची भट्टी हळूहळू निवत असायची आणि नानकटाई त्या उतरत्या उष्णतेत भाजली जायची. मी ओव्हन १८०वर तापवला, पत्रा आत गेल्यावर पाच मिनिटांनी १५०वर आणला आणि पुढे पंचवीस मिनिटं ठेवला. सुरुवातीच्या झळीने आकार धरला, मग आतलं बेसन सावकाश भाजलं गेलं. डबा घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी एक तोडून खाल्ली, दुसरी घेतली आणि काही न बोलता वही माझ्या हातात दिली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

तुमच्या आसपास अशा वह्या असणारच. आजी, मावशी, शेजारच्या काकू, गावाकडची आत्या, कोणाकडेही विचारा. कृती मागू नका, ती सांगताना प्रत्येकजण काहीतरी गाळतो. सोबत उभं राहून करू द्या असं म्हणा आणि तराजू घेऊन जा. त्या मुठीने पीठ घेतील, तुम्ही प्रत्येक मूठ तोला.

कोकणात आणि गोव्यात बघाल तर हा खजिना फार मोठा आहे. धोंडस माहीत असेल: पावसाळ्याच्या शेवटी येणारं मोठं तवसं, म्हणजे जाड काकडी, किसायचं, तुपावर भाजलेला तांदळाचा रवा त्याच्याच पाण्यात गूळ घालून शिजवायचा, ओलं खोबरं, वेलची, काजू घालायचे आणि जाड बुडाच्या पातेल्यात खाली मंद विस्तव, वर झाकणावर निखारे ठेवून भाजायचं. वरून आणि खालून धग म्हणजे ओव्हनच की. मैदा नाही, अंडं नाही, बेकिंग पावडर नाही. हा केक आपल्याकडे केक या शब्दाविना होत होता. ओटीजीत १८० अंशांवर वरची-खालची दोन्ही कॉइल लावून पाऊण तासात सुरेख होतो. एकच पथ्य: पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. तांदळाचा रवा गार होताना घट्ट बसतो, गरम कापलात तर शिऱ्यासारखा पसरेल आणि तुम्हाला वाटेल कच्चा राहिला.

गोव्यातला नाताळचा बाथ म्हणजे रवा, ओलं खोबरं, अंडी आणि बटर. त्यावर पिठाच्या पट्ट्यांची जाळी. त्याची खरी युक्ती भिजवण्यात आहे. पीठ कालवून लगेच भाजलं तर रवा दाताखाली कचकच लागतो. रात्रभर राहिलं की रवा अंड्या-बटरातला ओलावा पिऊन फुगतो आणि केक जड असूनही मऊ होतो. रवा केक कोरडा होतो अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण हेच होतं, भिजायला वेळ दिला नव्हता. ही एक गोष्ट कळली की दही-रव्याचा केक असो, बाथ असो, सगळे रव्याचे केक तुमच्या हातात येतात. एक कृती शिकल्यावर चार उघडतात त्या अशा.

बाजारातल्या आवडत्या पदार्थामागे लागणं हाही शोधाचा छान रस्ता आहे. मुंबईच्या ग्रँट रोडला मेरवानचा मावा केक, तिथला कॅफे १९१४ साली सुरू झालेला. पुण्यात कयानी बेकरी १९५५पासून, तिथली श्रूजबेरी बिस्किटं घ्यायला लोक सकाळी रांग लावतात. त्यांची कृती आपल्याला मिळणार नाही आणि मिळायची गरजही नाही. खाऊन बघायचं, डोळे मिटून ओळखायचं की वेलचीचा वास किती, दाणा रवाळ की रेशमी, तूप की बटर, आणि मग घरी आपला घाट घालायचा. माझा मावा केक असा आहे: खवा १२० ग्रॅम, बटर १००, पिठीसाखर १५०, मैदा १५०, दोन अंडी, दूध ८० मिली, बेकिंग पावडर सव्वा चमचा, सात-आठ वेलदोड्यांची ताजी पूड. खवा किसून बटरबरोबरच फेसायचा, नंतर घातला तर गुठळ्या राहतात. दूध सगळ्यात शेवटी, मैद्याबरोबर थोडं थोडं. सात इंची डब्यात १७० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. खवा हातात घेऊन बघा. दाणेदार असेल तर तो पेढ्यांना ठेवा, केकला मऊ, चिकट खवा लागतो. आणि हा केक दुसऱ्या दिवशी खा. वेलची आणि खवा एकमेकांत मुरायला एक रात्र लागते.

पावाबद्दल फक्त एवढंच. यीस्टच्या कृतीत लिहिलेली वेळ पाळू नका. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात पीठ पाऊण तासात दुप्पट होतं, डिसेंबरच्या सकाळी त्यालाच दोन तास लागतात. घड्याळाऐवजी पातेल्याकडे बघा. पाणी बोटाला कोमट लागेल एवढंच. कढत पाण्याने यीस्ट मरतं आणि मग कितीही थांबलात तरी पीठ हलत नाही. इडलीचं पीठ कधी आलं हे ज्या घरात नाकाला कळतं, त्या घरात पाव शिकायला फार दिवस लागत नाहीत.

वाया जाण्याचं दुःख मी कमी लेखत नाही. आजच्या भावात २०० ग्रॅम बटर टाकून द्यावं लागलं तर वाईट वाटणारच. म्हणून नवी कृती पहिल्यांदा नेहमी निम्म्या प्रमाणात करा, एका किंवा दोन अंड्यांची. छोट्या डब्यात, किंवा कपकेकच्या साच्यात. वेळ कमी लागेल, म्हणून बरंच आधीपासून लक्ष ठेवा, पण केक फुगून वर घट्ट दिसेपर्यंत दार उघडू नका. कोरडा झालेला केक तुकडे करून ११० अंशांवर तासभर वाळवला तर चहाबरोबर खायला केक रस्क होतो, आमच्या घरात तो मूळ केकाच्या आधी संपतो. मध्ये बसलेल्या केकाचा चुरा कस्टर्डखाली घाला. फक्त सोडा जास्त झालेल्या केकाला उपाय नाही.

आणि लिहून ठेवा. तारीख, पिठाचा ब्रँड, खरं तापमान, किती मिनिटांनी वास यायला लागला, काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदला. साखर कमी केलीत, मैद्याऐवजी कणीक घातलीत आणि तेलही बदललंत, तर केक चांगला झाला तरी कशामुळे झाला हे कळणार नाही. कणकेचं तर आवर्जून सांगते, कारण सगळ्यांना ती घालायची असते. चक्कीची कणीक मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी पिते, म्हणून पहिल्यांदा निम्मीच घाला, दोन-तीन चमचे दूध वाढवा आणि कालवून दहा मिनिटं थांबा.

आता नेमकं काय करायचं ते सांगते, म्हणजे उत्तर वाचून झाल्यावर तुम्ही पुन्हा चॉकलेट केककडे वळणार नाही. येत्या शनिवारी रात्री ७५ ग्रॅम बटर आणि ११० ग्रॅम पिठीसाखर फेसा, दोन अंडी एकेक करून घाला, १२५ ग्रॅम बारीक रवा, एका छोट्या नारळाचं ओलं खोबरं आणि थोडी जायफळपूड मिसळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. रविवारी सकाळी तासभर आधी बाहेर काढा. पीठ खूप घट्ट झालेलं दिसेल, तसंच व्हायला हवं. दोन-तीन चमचे दूध आणि पाऊण चमचा बेकिंग पावडर घालून नीट कालवा, सहा इंची डब्यात १७० अंशांवर ठेवा, चाळीस मिनिटांनी विणकामाची सुई घालून बघा. सुई कोरडी निघाली तरी आणखी पाच मिनिटं राहू द्या, बाथची कड तांबूस आणि किंचित कुरकुरीत लागते तिथेच त्याची खरी चव आहे. तो गार होईपर्यंतच्या तासाभरात शेजारी जाऊन एखाद्या काकूंच्या वहीची चौकशी करून या. आणि त्यांची वाटी मागायला विसरू नका.